खाटा ४०, पेशंट ६२

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या दैनिकात एका गृहस्थांचे पत्र छापून आले. त्यांच्या आईला इथल्या सरकारी दवाखान्यात भरती केले होते. रात्री सलाईन संपले, नळीत रक्त उलटे चढायला लागले. ते तीनदा सिस्टरला बोलवायला गेले आणि सिस्टर चाळीस मिनिटांनी आली, असे त्यांनी लिहिले आहे. "पगार घेता ना, मग काम करा," हे त्यांच्या पत्रातले शेवटचे वाक्य.

मी ते पत्र दोनदा वाचले. त्यांचा राग बरोबर आहे. सलाईन संपल्यावर सिस्टर पाच मिनिटांत यायलाच पाहिजे, यात दुसरे मत असूच शकत नाही. मी स्वतः ३३ वर्षे सरकारी सिस्टर होते. १९८६ साली अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले आणि २०१९ साली परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे ते पत्र वाचताना मी त्यांच्या आईच्या खाटेजवळही उभी होते आणि त्या सिस्टरच्या जागीही. त्यांनी सगळे लिहिले, एकच गोष्ट विचारली नाही. त्या रात्री त्या वॉर्डात पेशंट किती होते आणि सिस्टर किती? हे विचारायचे असते हेच आपल्याला कोणी सांगितलेले नाही, म्हणून हे पत्र.

रात्री बारा वाजता सरकारी दवाखान्याच्या प्रत्येक वॉर्डात सेन्सस लिहिला जातो. आधीचे किती, आज भरती किती, सुट्टी किती, दुसऱ्या वॉर्डात गेले किती, वारले किती आणि शिल्लक किती. नाईटची सिस्टर कितीही धावपळीत असली तरी हे आकडे लिहिल्याशिवाय राहत नाही, कारण सकाळी सगळे ऑफिस त्यावर चालते. स्वयंपाकघरात किती पोळ्या लाटायच्या, दूध किती घ्यायचे, ते सेन्ससवरून ठरते. पेशंट ६२ असतील तर जेवण ६२ जणांचे येते. सिस्टर मात्र मंजूर खाटांच्या हिशेबाने मिळते. खाटा ४० मंजूर असतील तर ४० च्या हिशेबाने, आणि त्यातल्याही जागा रिकाम्या. उरलेले २२ पेशंट दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून, व्हरांड्यात, दाराच्या आड झोपलेले असतात. त्यांना जेवण आहे, औषध आहे, केसपेपर आहे. त्यांच्या वाट्याची सिस्टर कुठल्याच कागदावर नाही.

नागपुरात हे जास्तच जाणवते. आपल्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत फक्त नागपूरचे पेशंट येत नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ तर आहेतच, शिवाय मध्य प्रदेशातल्या सिवनी, छिंदवाडा, बालाघाटचे लोक, राजनांदगावचे लोक रात्रीची गाडी धरून येतात. त्यांना खाट नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि पाठवूही नये. इथून पुढे जायला त्यांच्याकडे जागा नसते आणि पैसाही नसतो. म्हणजे पेशंट वाढणार हे पक्के आहे, तरी माणसे मोजताना आपण ते नाहीतच असे धरून चालतो.

आता एक रात्र सांगते. आजवर कागदावर कधी लिहिली नाही. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही सरकारी दवाखान्यात घडू शकली असती, आणि त्या वेळी माझ्यासोबत असलेल्या मुली अजून नोकरीत आहेत.

२००४ चा मे महिना. दुपारच्या उन्हाने भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असायच्या आणि व्हरांड्यात कूलरची हवा पोचत नव्हती. मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात ५८ पेशंट, मी एकटी आणि सोबत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. व्हरांड्याच्या टोकाला सिवनीकडचे एक आजोबा होते. लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणे बंद. जवळ फक्त त्यांची म्हातारी, तीच चाळीस किलोची असेल. अशा पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, पाठ पुसून कोरडी करावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते. हे आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. यात अवघड काही नाही, फक्त दोन माणसे लागतात आणि पाच-सहा मिनिटे लागतात.

त्या रात्री असे वळवायचे पेशंट नऊ होते. बारा तासांच्या नाईटमध्ये प्रत्येकाला सहा वेळा, म्हणजे चोपन्न वेळा. सहा मिनिटे धरली तर सव्वापाच तासांच्या वर, तेही दोघींचे मिळून. त्याशिवाय रात्री दहाची आणि पहाटे सहाची इंजेक्शने, सलाईन बदलणे, ताप बघणे, सकाळची रक्ते काढणे. आणि साडेदहाला यवतमाळकडचा एक पोरगा विषबाधेचा आला. अशा पेशंटला डॉक्टर सांगतील तसे दर पाच-दहा मिनिटांनी ॲट्रोपिन हे उताऱ्याचे इंजेक्शन द्यावे लागते, डोळ्यांच्या बाहुल्या बघाव्या लागतात, तोंडातला स्राव ओढावा लागतो. त्याच्या खाटेजवळून हलता येत नाही. मी हलले नाही. पोरगा वाचला. आठ दिवसांनी चालत घरी गेला.

आजोबांना त्या रात्री मी दोनदाच वळवू शकले. साडेनऊला आणि पहाटे चारला. पुढच्या रात्रीही तसेच काहीसे झाले असणार, दुसऱ्या सिस्टरच्या बाबतीत. चौथ्या दिवशी त्यांच्या कमरेच्या हाडावर लाल चट्टा दिसला. मग तो काळा पडला. मग कातडी सुटली आणि मूठ जाईल एवढी जखम झाली. मी रोज ड्रेसिंग करत होते. अठराव्या दिवशी ते तापातच वारले. म्हातारीने चादर घडी करून माझ्या हातात दिली आणि एवढेच विचारले, "सिस्टर बाई, इनको पलटाना था ना?" तिला कोणी सांगितले होते की तिने समोरच्या खाटेवरच्या पेशंटला वळवताना पाहिले होते, मला माहीत नाही. मी हो म्हटले.

त्या रात्रीचा सेन्सस ५८ होता, तो रजिस्टरमध्ये आहे. सिस्टर एक होती, तेही रजिस्टरमध्ये आहे. पण ही दोन रजिस्टरे एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

पैसे नाहीत म्हणून सिस्टर नाहीत, हे उत्तर मी ३३ वर्षे ऐकले. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. सरकारी दवाखान्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचा असतो आणि एक नियमित सिस्टर घेतली की ३०-३२ वर्षांचा पगार घेतला, हे वित्त विभाग बघणारच. पण आजोबांच्या त्या जखमेचा हिशेब करा. अठरा दिवसांतले निदान बारा-तेरा दिवस ते त्या जखमेपायी खाटेवर होते. रोजचे ड्रेसिंग, गॉज, कापूस, भारी अँटिबायोटिक, रक्ताच्या तपासण्या, आणि तेवढे दिवस ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. हा खर्च औषधांच्या शीर्षात, म्हणजे हिशेबाच्या खात्यात जातो, वाचलेला पगार वेतनाच्या शीर्षात दिसतो. दोन्ही शीर्षे वेगळी, त्यामुळे बचत झाली असे कागद म्हणतो. दवाखान्याने मात्र तेवढाच पैसा, कदाचित जास्त, दुसऱ्या दाराने घालवलेला असतो आणि माणूसही गेलेला असतो.

माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिने मला अमेरिकेतला एक अभ्यास वाचून दाखवला होता, २००२ साली छापलेला. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ दवाखान्यांचा. ऑपरेशन झालेल्या पेशंटांपैकी कोण तीस दिवसांत दगावले आणि तिथे एका सिस्टरकडे किती पेशंट होते, हे त्यांनी ताडून पाहिले. सिस्टरमागे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. चारऐवजी आठ पेशंट असतील तर ३१ टक्क्यांनी. आठ ही त्या तुलनेतली वरची पातळी. मी ते ऐकून बराच वेळ गप्प बसले होते. माझ्या नोकरीत नाईटला आठ पेशंट असलेली रात्र मला जनरल वॉर्डात कधी मिळाली नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे, शिकवणाऱ्या दवाखान्यात तीन पेशंटांमागे एक सिस्टर, इतरत्र पाचांमागे एक, आणि वर ३० टक्के रजा राखीव. तीनास एक हे वाचून बाहेरच्या माणसाला वाटते की केवढी चैन. पण हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. पाळीला भागले की एका सिस्टरकडे नऊ पेशंट येतात. म्हणजे नियम पूर्ण पाळला तरी नऊ. ४० खाटांच्या वॉर्डाला साधारण १३ सिस्टर आणि ३० टक्के राखीव धरून १७.

मी इन्चार्ज असताना माझ्या वॉर्डाच्या ड्युटी लिस्टवर ११ नावे होती. ड्युटी लिस्ट मी पेन्सिलने लिहायचे, कारण ती दिवसातून तीनदा खोडावी लागायची. ११ मधून दोघींची साप्ताहिक सुट्टी, दोघी नाईट करून उतरलेल्या, एक अर्जित रजेवर, एक बाळंतपणाच्या रजेवर, एक डेप्युटेशनवर, म्हणजे दुसरीकडे कामाला पाठवलेली. उरल्या चार. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री एक. त्यातली कोणी आजारी पडली की मी दुपारच्या सिस्टरला फोन करायचे, "बाई, डबल करता का?" तिच्या घरी लहान लेकरू आहे हे मला माहीत असायचे, तरी विचारायचे. नाही म्हणणारी क्वचितच भेटली.

डेप्युटेशनबद्दल थोडे लिहायलाच हवे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आले की आमच्यातल्या काही जणींना तिकडच्या वैद्यकीय पथकात पाठवत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथेही आरोग्य पथके लागतात, आणि ती ड्युटी मी स्वतः मागून घेत असे. ही कामे झालीच पाहिजेत. पण पाठवलेल्या सिस्टरच्या बदल्यात वॉर्डाला कोणी मिळत नाही. डिसेंबरच्या थंडीत छातीच्या रोगाचे पेशंट वाढतात, त्याच दिवसांत वॉर्डातली माणसे कमी.

रजा राखीव हा शब्द ऐकून लोकांना वाटते की जास्तीच्या माणसांचा काही तरी साठा असेल. साधा हिशेब आहे. वर्षाचे दिवस ३६५. त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा आणि वीसेक सणाच्या सुट्ट्यांचे बदली दिवस काढले की उरतात २५५. वॉर्ड ३६५ दिवस चालतो. म्हणजे एका जागी रोज एक सिस्टर उभी हवी असेल तर नोकरीत जवळजवळ दीड सिस्टर लागते. ही काही मेहेरबानी नाही, भागाकार आहे. बाळंतपणाची १८० दिवसांची रजा आणि बालसंगोपन रजा यात मी धरलेलीच नाही. बहुतेक सगळा बायकांचा पेशा, आणि बायकांच्या रजेसाठी बदली माणूस द्यायची सोय नाही. मग रजा घेणाऱ्या मुलीकडे तिच्याच मैत्रिणी रागाने बघतात. हे मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटायचे.

जागा रिकाम्या का राहतात? मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या सेवापुस्तकात माझी जन्मतारीख लिहिली गेली. ५८ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे मी कोणत्या महिन्यात घरी जाणार हे सरकारला १९८६ सालीच कळले होते. तरी मी गेले त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसायला कोणी नव्हते. माझा चार्ज शेजारच्या वॉर्डाच्या इन्चार्जला जादा म्हणून दिला. तिचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या पाच वर्षांत कोण कधी निवृत्त होणार याची यादी प्रत्येक आस्थापना शाखेत एका दुपारी तयार होऊ शकते. भरती मात्र कित्येक वर्षांची एकदम निघते. जाहिरात, परीक्षा, कोर्टातली प्रकरणे, कागदपत्र पडताळणी, नेमणुकीच्या जागेसाठी समुपदेशन, आणि तोवर आणखी शेकडो जणी निवृत्त. शिवाय ज्या येतात त्यातल्या चांगल्या मुली दोन-तीन वर्षांत निघून जातात. नागपुरात २०१८ साली एम्स सुरू झाले. तिथे अखिल भारतीय परीक्षा देऊन निवड होते आणि केंद्राची वेतनश्रेणी मिळते, मूळ पगार ४४,९०० पासून. आपल्या राज्याच्या अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० पासून सुरू होते. मुलीने गेलेच पाहिजे, मीही तिला जा म्हणाले असते. पण तिची जागा पुन्हा पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत रिकामी.

यावर उपाय म्हणून कंत्राटी आणि बाह्यस्रोत, म्हणजे बाहेरच्या कंपनीमार्फत घेतलेल्या सिस्टर आल्या. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरच्या परिचारिका याच मुद्द्यावर संपावर गेल्या होत्या. पुढे ६ सप्टेंबर २०२३ ला खासगी कंपन्यांमार्फत पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोध झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. मी कंत्राटी मुलींच्या विरोधात नाही. माझ्या वॉर्डात दोघी होत्या, दोन्ही हुशार, कामाला चपळ. महिन्याला वीस हजारांच्या आत पडायचे, तेही दोन-दोन महिने उशिरा. करार अकरा महिन्यांचा. एकीने मला विचारले होते, "मॅडम, पेशंटला चुकीचं काही झालं तर माझ्या मागे कोण उभं राहील?" मी उभी राहीन असे सांगितले, पण माझ्या सांगण्याला कागदावर किंमत नव्हती हे तिलाही ठाऊक होते. वॉर्डात तयार व्हायला सिस्टरला निदान वर्ष लागते. वर्ष झाले की करार संपतो. कोविडमध्ये घेतलेल्या मुलींचेही तेच झाले, काम संपताच त्यांना घरी पाठवले. स्वस्त पडते म्हणून घेतलेली माणसे दरवर्षी नव्याने शिकवावी लागतात, आणि शिकवणारी सिस्टर तेवढा वेळ आपल्या पेशंटांपासून दूर असते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात बाळेही होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, रिक्त पदांचा हिशेब मागितला. चार आठवडे सगळीकडे रिक्त पदांची चर्चा होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर खर्च करावा असे लिहिले आहे. ते वर्ष उलटले, महाराष्ट्र अजून त्याच्या खालीच आहे. पैसा वाढायलाच हवा. पण तो वाढेपर्यंत आहे त्या माणसांत काय करता येते, याबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण ते माझ्या हातून थोडे झालेले आहे.

२०१५ साली एक आठवडा मी घड्याळ लावून माझ्या सिस्टरांचे काम लिहून ठेवले. सकाळच्या सहा तासांतले प्रत्येकीचे सव्वादोन तास पेशंटाशी संबंध नसलेल्या कामात जात होते. औषधांचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र लिहून स्टोअरमध्ये जाऊन रांगेत उभे राहणे, धोब्याकडे गेलेल्या आणि आलेल्या चादरी मोजणे, डाएट शीट, तपासणीचे रिपोर्ट आणायला लॅबमध्ये जाणे, बिघडलेल्या सक्शन मशीनसाठी चार ठिकाणी फोन, मोडकी स्टुले नोंदीतून कमी करण्याचे कागद, आता त्यात कॉम्प्युटरमध्ये तीच माहिती दुसऱ्यांदा भरणे. यातल्या एकाही कामाला नर्सिंगचे शिक्षण लागत नाही. चादर हरवली तर मात्र वसुली सिस्टरकडून होते. निवृत्तीच्या वेळी माझ्या नावावर सात चादरी आणि एक बीपीचे यंत्र कमी निघाले आणि ना-देय प्रमाणपत्रासाठी मी ते पैसे भरले. रक्कम मोठी नव्हती. पण चादरी मोजण्यात गेलेला वेळ मला परत मिळाला असता तर मी तो आनंदाने कुठे दिला असता, हे वर लिहिलेच आहे. दोन वॉर्डांमागे एक लिपिक आणि एक मदतनीस द्या. दोघांचा मिळून खर्च नव्या सिस्टरांपेक्षा कमी येईल आणि प्रत्येक वॉर्डाला सकाळचे चार-पाच तास सिस्टरचे काम परत मिळेल.

दुसरे. आमच्याकडे एक अधिसेविका, म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, आल्या होत्या, अवघ्या आठ-नऊ महिन्यांसाठी. त्यांनी सगळ्या वॉर्डांतून मिळून सहा सिस्टर काढून स्वतःच्या ऑफिसकडे ठेवल्या. आम्ही इन्चार्ज मंडळी चिडलो होतो, मीही. आधीच कमी, त्यातून काढून नेल्या. मग त्या रोज सकाळी सेन्सस घेऊन बसायला लागल्या आणि संध्याकाळी सात वाजता पुन्हा प्रत्येक वॉर्डाला फोन. आकडा विचारायच्या आणि लगेच दुसरा प्रश्न, "त्यातले वळवायचे किती, ऑक्सिजनवर किती?" त्या उत्तरावर सहा जणी रात्री कुठे जाणार ते ठरायचे. डोळ्यांच्या वॉर्डात २० पेशंट आणि सगळे चालतेफिरते, तर तिथे एकच. मेडिसिनला ६० आणि त्यात अकरा वळवायचे, तर तिथे दोघी जास्त. एक रुपया जास्तीचा लागला नाही. माझ्या वॉर्डात त्या काळात नवीन बेडसोर, म्हणजे आजोबांना झाली तशी पडून राहिल्याची जखम, दोनच झाले, हे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. त्यांची बदली झाली आणि त्या सहा जणी परत वॉर्डावॉर्डात वाटल्या गेल्या. पद्धत त्यांच्यासोबत गेली, कारण ती कुठल्या आदेशात नव्हती.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. सेन्सस हा सिस्टर वाटण्याचा आधार धरावा, आणि तो लेखी आदेशाने धरावा, म्हणजे अधिसेविका बदलल्या तरी राहील. नुसती डोकी मोजू नयेत, वळवायचे किती, ऑक्सिजनचे किती हेही त्यात यावे. नवा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा करताना गेल्या तीन वर्षांच्या सेन्ससची सरासरी घ्यावी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना माणूसबळात मोजू नये, त्या शिकायला आलेल्या असतात. २००४ च्या त्या मुलीला मी त्या रात्री काही शिकवू शकले नाही.

आणि प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा लावावा, मराठीत आणि हिंदीत. आज पेशंट इतके, या पाळीला सिस्टर इतक्या. रोज तीनदा बदलायचा. खडू पुरेल. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना याची भीती वाटते, लोक आकडा वाचून अंगावर येतील म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. लोकांना खरे सांगितले की बहुतेक जण हात लावतात. गादीवरच्या पेशंटला वळवायला मी कितीतरी नातेवाइकांना शिकवले आहे. ते शिकतात, आणि दुसऱ्याच्या पेशंटलाही वळवतात. अंगावर येतो तो ज्याला काहीच कळत नाही तो.

ज्या गृहस्थांनी मागच्या रविवारी पत्र लिहिले त्यांच्या आईची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते. त्यांनी माहितीच्या अधिकारात त्या तारखेचा त्या वॉर्डाचा सेन्सस आणि ड्युटी लिस्ट मागावी, अशी त्यांना विनंती आहे. दोन कागद आहेत, अर्जाला दहा रुपये लागतात. सिस्टर दोघी असताना चाळीस मिनिटे लागली असतील तर त्यांनी जरूर तक्रार करावी, मी त्यांच्या बाजूने लिहीन. एकटी असेल तर तेही छापावे.

माझ्याकडे २००८ ते २०१९ च्या माझ्या वॉर्डाच्या वह्या आहेत. सेन्सस, पेन्सिलच्या ड्युटी लिस्टांच्या नकला, बेडसोरची नोंद. पेशंटांची नावे त्यात नाहीत, फक्त आकडे. कोणत्याही दवाखान्याच्या अधिसेविका कार्यालयाला किंवा आकृतिबंधाचे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना उपयोगी वाटत असतील तर मी त्या घेऊन येईन आणि बसून समजावून सांगीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. दुपारी एकनंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
मानेवाडा, नागपूर